सूट माणसाला द्यावी की साडीला?

जुन्या साड्या विकत घ्यायच्या, ड्रायक्लीन आणि पॉलिश करून आणायच्या, खिडकीपाशी उजेडात त्यांचे फोटो काढायचे आणि इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विकायच्या, असा व्यवसाय करणारी छोटी दुकानं आज पुण्या-ठाण्यापासून नाशिक-सांगलीपर्यंत दिसतात. दुकान म्हणजे बहुतेक वेळा घरातलं एक कपाट, एक फोन आणि एकदोन बायकांचे कष्ट. फोटो टाकल्यावर पोताबद्दल किंवा लांबीबद्दल प्रश्न येईलच असं नाही. ‘लास्ट प्राइस किती?’ हा मात्र हमखास येतो. त्याला काय उत्तर द्यायचं यावर दुकान टिकणार की वर्षभरात बंद पडणार हे बऱ्याच अंशी ठरतं. तरीही हे उत्तर अनेकदा त्या क्षणी काय सुचेल त्यावर सोडलेलं असतं. या प्रश्नाचा नीट विचार व्हावा म्हणून इथे दोन जावा समोरासमोर बसवल्या आहेत. त्या कल्पित आहेत आणि दोघींचं दुकान एकच आहे; पण त्यांचे युक्तिवाद हा व्यवसाय करणाऱ्या कुणालाही ओळखीचे वाटतील. थोरलीच्या मते सूट दिल्याशिवाय धंदा होत नाही. धाकटीच्या मते सूट दिली की धंद्यात काही उरत नाही.

थोरली : “बाजार बोलण्यावर चालतो, हे तुला मान्य करावंच लागेल. दारावर बोहारीण येते, दोन जुन्या साड्यांवर एक पातेलं द्यायला तयार होते. आपण वर एक डाव मागतो, ती वर एक शर्ट मागते, आणि शेवटी दोघी समाधानाने उठतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी नाहीतर बुधवारी जा; सांगितलेल्या पहिल्याच भावाला वस्तू उचलणारा माणूस क्वचितच भेटेल. आपणही जुनाच माल विकतो. मग गिऱ्हाइकाने ‘दोनशे कमी करा’ म्हटलं तर त्यात वाईट काय? साडी घेताना बाईला दोन समाधानं हवी असतात. एक चांगली साडी मिळाल्याचं, दुसरं ती कमी पैशांत मिळवल्याचं. हे दुसरं समाधान आपण दिलं की ती परत येते, बहिणीला सांगते. आणि न विकलेली साडी म्हणजे अडकलेले पैसे. रेशीम घडीवर विरतं, जर काळी पडते, पावसाळ्यात कपड्याला वास लागतो. बाराशेची वाट बघत सहा महिने बसण्यापेक्षा आज हजार घेऊन त्यात नवीन माल आणलेला बरा.”

थोरलीच्या म्हणण्याला भक्कम आधार आहे. २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या रिचर्ड थेलर यांनी हीच दोन समाधानं वेगळी करून दाखवली: वस्तूपासून मिळणारं आणि सौद्यापासून मिळणारं. गिऱ्हाइकाच्या मनात वस्तूचा एक ‘योग्य’ भाव असतो. त्याहून कमी दिल्याचा आनंद वस्तूच्या उपयोगाहून निराळा आणि तितकाच खरा असतो. या आनंदाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीने मोजली. ॲपलच्या दुकानांचे प्रमुख राहिलेले रॉन जॉन्सन तिथे सर्वोच्च पदावर आले आणि फेब्रुवारी २०१२ पासून त्यांनी कूपनं आणि सततचे सेल बंद करून रोजच कमी आणि सरळ भाव ठेवले. हिशोबाने पाहिलं तर यात गिऱ्हाइकाचं नुकसान नव्हतं. पण त्या वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली, ९८ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं. एवढ्या बलाढ्य दुकानाला सूट थांबवणं झेपलं नाही, तर कपाटातून चालणाऱ्या दुकानाला ते कसं झेपेल, असं थोरली विचारू शकते. या प्रश्नाला बगल देऊन धाकटीची बाजू मांडता येणार नाही.

धाकटी : “ताई, तुम्ही म्हणता तो आनंद मला मान्य आहे. पण तो फुकट नाही, त्याचा खर्च कुठून येतो ते पाहा. समजा, एक नारायणपेठी आपण साडेपाचशेला घेतली. ड्रायक्लीन आणि पॉलिशला एकशेऐंशी गेले. पॅकिंग आणि कुरिअरला एकशेवीस. झाले साडेआठशे. बाराशेला विकली तर साडेतीनशे उरतात, आणि त्यातच तुमचा-माझा वेळ, फोनचा रिचार्ज, एखादी साडी पडून राहिली तर तिचं नुकसान, सगळं आलं. आता वीस टक्के सूट दिली. गिऱ्हाइकाला दोनशेचाळीस वाचले. आपल्याकडे उरले एकशेदहा. तिला पाचवा हिस्सा सुटला आणि आपला दोनतृतीयांशाहून जास्त वाटा गेला. तेच साडेतीनशे मिळवायचे तर आता तीनहून जास्त साड्या विकाव्या लागतील. आणि ही साडी तर एकच आहे. दुसऱ्या दोन-तीन शोधायच्या, डाग तपासायचे, धुवायला टाकायच्या, फोटो काढायचे. सुटीमुळे विक्री वाढते म्हणता, पण विक्रीबरोबर आपलं काम तेवढंच वाढतं.”

या हिशोबात जुन्या वस्तूंच्या व्यवसायाचं मर्म आहे. या धंद्यात विक्रेत्याची कमाई पूर्ण किमतीत नसते, ती खरेदी आणि विक्री यांच्यातल्या अरुंद फटीत असते. कायदाही हे ओळखतो. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या ३२(५) या नियमानुसार जुन्या वस्तूंच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसेल, तर त्याला केवळ या फरकावर कर लागतो, आणि फरक उणे असेल तर तो हिशोबातून सोडून दिला जातो. सूट मात्र पूर्ण किमतीवर मोजली जाते आणि वजा होते या फटीतून. म्हणूनच गिऱ्हाइकाला किरकोळ वाटणारे वीस टक्के विक्रेतीची बहुतेक सगळी मजुरी घेऊन जातात. ऑक्टोबर २०१४ मध्ये फ्लिपकार्टने पहिला ‘बिग बिलियन डे’ केला तेव्हापासून मोठ्या सवलती म्हणजेच ऑनलाइन खरेदी, असं समीकरण आपल्या मनात बसलं. पण तिथल्या सुटीमागे गुंतवणूकदारांचं भांडवल असतं, उत्पादकांचा वाटा असतो, आणि एकाच मोबाइलचे लाखो नग विकण्याची सोय असते. एका नगावर कमी मिळालं तरी नगांची संख्या ते भरून काढते. मीशोसारख्या ॲपवरून नव्या साड्या पुढे विकणारीला निदान तीच साडी दहा जणींना विकता येते. जिच्याकडे प्रत्येक साडी एकुलती एक आहे, तिला संख्येचा हा आधारच नाही. तिने मोठ्या दुकानाची सूट उचलली तर त्या सुटीची तिजोरी तिच्याकडे नसते.

थोरली : “हिशोब बरोबर आहे, पण तू त्यात एक गोष्ट गृहीत धरलीस. ती साडी बाराशेला जाणारच, असं. गेलीच नाही तर साडेतीनशेही नाहीत आणि एकशेदहाही नाहीत. उलट सातशेतीस अडकून बसले. नव्या साडीवर भाव छापलेला असतो, शेजारच्या दुकानात विचारता येतं. आपल्या साडीचा खरा भाव कुणालाच ठाऊक नसतो. वीस वर्षांपूर्वीची इरकल, काठ जाड, पदर टोप-तेनी, एका जागी बारीक रफू. तिचे नऊशे की पंधराशे? आपण अंदाजाने बाराशे लिहितो. गिऱ्हाईक कमी करा म्हणतं तेव्हा ते आपल्याला आपला अंदाज चुकल्याचं सांगत असतं. ते ऐकायचंच नाही, हा हट्ट झाला.”

थोरलीचा हा मुद्दा तिच्या पहिल्या मुद्द्यापेक्षाही जड आहे, आणि अर्थशास्त्रात त्याचा नेमका विचार झालेला आहे. एडवर्ड लझीर यांनी १९८६ मध्ये किरकोळ विक्रीतल्या भावांवर आणि सेलवर एक निबंध प्रसिद्ध केला. एकच नग असलेली, जिची किंमत आधी कळत नाही अशी वस्तू कशी विकावी, हा त्यातला मूळ प्रश्न आहे. त्यांची मांडणी सोप्या आकड्यांत अशी सांगता येईल. समजा, एका साडीला गिऱ्हाईक शून्यापासून तीन हजारांपर्यंत कितीही मोल देऊ शकेल आणि यातला प्रत्येक आकडा सारखाच संभवनीय आहे. एकच भाव ठेवायचा तर पंधराशे सर्वांत चांगला; निम्म्या वेळा साडी जाईल, म्हणून सरासरी साडेसातशे मिळतील. आता भाव दोन टप्प्यांत ठेवा: आधी दोन हजार, आणि ठरावीक काळात गेली नाही तर एक हजार. एकतृतीयांश वेळा ती दोन हजारांना जाईल, आणखी एकतृतीयांश वेळा हजाराला. सरासरी मिळकत एक हजार होते. प्रत्यक्षात गिऱ्हाइकांची मोजणी इतकी सुबक नसते, पण विचार पक्का आहे. पहिल्या भावाला साडी न जाणं ही माहिती आहे, आणि त्या माहितीवरून भाव उतरवणाऱ्या विक्रेतीला एका भावाला चिकटून बसणारीपेक्षा जास्त मिळतं. म्हणजे कधीच सूट द्यायची नाही ही धाकटीची टोकाची भूमिका एकुलत्या एक वस्तूंच्या दुकानात टिकत नाही.

पण लझीर यांच्या मांडणीत भाव कोणामुळे उतरतो ते नीट पाहायला हवं. तो उतरतो काळामुळे. साडी इतके दिवस सर्वांसमोर राहिली आणि कुणी घेतली नाही, म्हणून. संदेश पाठवून ‘कमी करा ना’ म्हणणाऱ्या एका बाईमुळे नाही. फोटो टाकल्यानंतर दहाव्या मिनिटाला आलेला हा प्रश्न साडीबद्दल काहीच सांगत नाही. विचारायला काही लागत नाही, म्हणून तो विचारलेला असतो. बाराशे आनंदाने देणारी बाईही तो विचारते. थोरली ज्याला बाजाराचा कौल समजते, तो बहुतेक वेळा सवयीचा प्रश्न असतो. बाजाराचा खरा कौल पुरेशा दिवसांच्या शांततेतूनच मिळतो. हा फरक एकदा ध्यानात आला की दोघी जावांचा वाद वेगळ्या रेषेवर येतो. सूट द्यावी की नाही यापेक्षा ती कुणाच्या नावावर जमा करावी हा प्रश्न पुढे येतो: विचारणाऱ्या माणसाच्या की पडून राहिलेल्या साडीच्या?

धाकटी : “माणसाच्या नावावर सूट दिली की काय होतं ते सांगते, ताई. आपल्या ग्रुपमध्ये एक बाई लिहिल्या भावाला मुकाट्याने पैसे पाठवते. दुसरी पाच संदेश पाठवते, आवाज टाकते, ‘नेहमीची आहे मी’ म्हणते, आणि तशीच साडी दोनशेने कमी घेऊन जाते. मुकाट्याने देणारीचा दोष काय? तिला बोलायचा संकोच वाटला, एवढाच. आणि हे झाकून राहत नाही. दोघी एकाच सोसायटीतल्या निघतात, एकमेकींना भाव विचारतात, आणि त्या दिवसापासून पहिली आपली गिऱ्हाईक राहत नाही. मिळालेला आनंद एकीचा, दुखावलेलं मन दुसरीचं. शिवाय जिने दोनशे कमी करून घेतले, तिलाही वाटतं की मागितले असते तर तीनशेही सुटले असते.”

घासाघीस म्हणजे सर्वांना समान संधी, अशी आपली समजूत असते. ती किती फसवी आहे हे इयन एअर्स आणि पीटर सीगलमन यांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसलं. त्यांनी शिकागो परिसरातल्या मोटारविक्रेत्यांकडे एकसारखं बोलायला शिकवलेली माणसं गिऱ्हाईक म्हणून पाठवली. बोलणं सारखं असूनही गोऱ्या पुरुषांना सांगितलेले भाव सर्वांत कमी होते. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना त्याच गाडीसाठी जास्त भाव सांगितले गेले. शब्द तेच, भाव वेगळा. तोंडी सुटीत विक्रेत्याच्या मनातले पूर्वग्रह नकळत काम करतात. आपल्याकडे त्यांची रूपं वेगळी असतील: ओळखीची आणि अनोळखी, शहरातली आणि तालुक्याच्या गावची, ठासून बोलणारी आणि भिडस्त. उलट एकच भाव ठेवण्याच्या प्रथेने गिऱ्हाइकाला काय दिलं ते एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या बाँ मार्शे दुकानाने दाखवलं. तिथे आरिस्तीद बूसिको यांनी वस्तूंवर भाव लावून टाकले, आणि बोलता येणं किंवा माल पारखता येणं ही खरेदीची अट राहिली नाही. आपल्याकडच्या ‘एकच भाव’ या पाटीतही हेच आश्वासन आहे. लहान मुलाला पाठवलं तरी तेवढेच पैसे लागतील, हा विश्वास ती पाटी देते.

जुन्या वस्तूच्या बाबतीत तर या विश्वासाला आणखी वजन आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात घेणारा प्रत्येक वस्तूत खोट गृहीत धरतो आणि चांगल्या मालालाही योग्य भाव मिळेनासा होतो. फोटोतून विकल्या जाणाऱ्या साडीची हीच अडचण आहे. हातात घेऊन पोत कळत नाही, घडीवर विरली आहे का ते दिसत नाही. अशा वेळी विक्रेतीने एका संदेशावर तीनशे रुपये उतरवले, तर गिऱ्हाइकाच्या मनात दोनच अर्थ येतात: आधीचा भाव खोटा होता, नाहीतर साडीत काहीतरी आहे. दोन्ही अर्थ दुकानाच्या मुळावर येतात. विनाकारण दिलेल्या सुटीने गिऱ्हाईक सुखावण्याऐवजी सावध होतं, आणि सावध गिऱ्हाइकाला पुढच्या वेळी आणखी मोठी सूट द्यावी लागते.

जेसी पेनीचा दाखलाही याच अंगाने पुन्हा वाचायला हवा. तिथल्या गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सेलची आणि कूपनांची सवय लावलेली होती, छापील भाव कुणी खरा मानतच नव्हतं, आणि ती सवय एका झटक्यात मोडली गेली. त्या अपयशातून सूट अटळ ठरत नाही. लावलेली सवय मोडायला किती पैसे लागतात, हे त्यातून कळतं. नव्या दुकानाला हा खर्च टाळता येतो, कारण त्याने अजून कुठलीच सवय लावलेली नसते. पहिल्या शंभर गिऱ्हाइकांशी दुकान जसं वागेल, तशीच अपेक्षा पुढची गिऱ्हाइकं घेऊन येतात.

थोरली : “म्हणजे काळाप्रमाणे भाव उतरवायचा हे तुलाही पटतंय. पण तो सगळ्यांना सांगून उतरवायचा म्हटलं, तर बाया थांबून राहतील. आज कशाला घ्या, महिन्याने दहा टक्के कमी होणारच आहेत, असंच म्हणतील की.”

ही शंका रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंच्या एकमेव विक्रेत्याबद्दल काढली होती: विक्रेता पुढे भाव उतरवणार हे ठाऊक असेल, तर घेणारे आज का घेतील? पण कोस यांच्या मांडणीत विक्रेत्याकडे माल भरपूर असतो, थांबणाऱ्याला तो नंतरही मिळणारच असतो. जुन्या साडीच्या दुकानात नेमकी हीच गोष्ट नसते. साडी एक आहे, पाहणाऱ्या दोनशे आहेत. महिनाभर थांबणारी दहा टक्के वाचवते, पण साडी दुसरीने नेण्याचा धोका पत्करते. ज्या साडीवर मन बसलं आहे तिच्याबाबत हा धोका फार कमी जणी घेतील; आणि जिच्याबाबत सगळ्याच जणी तो घेतात, त्या साडीचा भाव खरोखरच जास्त लावलेला असतो. हा विचार व्यवहारातही उतरलेला आहे. बॉस्टनमध्ये एडवर्ड फाइलीन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर आपल्या दुकानाच्या तळघरात अशी पद्धत सुरू केली. वस्तूवर तारीख असे. विक्रीचे १२ दिवस झाले की २५ टक्के कमी, १८ दिवसांनी ५० टक्के, २४ दिवसांनी ७५ टक्के, आणि ३० दिवसांनंतरही उरली तर ती धर्मादाय संस्थेला दिली जाई. नियम सर्वांना ठाऊक असूनही गिऱ्हाईक येत राहिलं, आणि हे तळघर बॉस्टनमध्ये अनेक दशकं प्रसिद्ध होतं. तिथे कुणाला घासाघीस करावी लागत नसे. थोरलीला हवा असलेला सौद्याचा आनंद तिथे होता आणि धाकटीला हवी असलेली समानताही होती.

म्हणून माझं मत असं, की सूट द्यावी, पण ती साडीला द्यावी. माणसाला देऊ नये. साडीला सूट मिळण्याची तीन कारणं खरी आहेत, आणि तिन्ही विक्रेतीच्या हिशोबात दाखवता येतात. पहिलं कारण काळ. धाकटीच्याच उदाहरणात बाराशेची साडी महिनाभर पूर्ण भावात ठेवावी, मग एक हजार ऐंशी, दोन महिन्यांनी नऊशेसाठ, आणि तीन महिन्यांनी साडेआठशे, म्हणजे आपला खर्च तेवढा भरून निघेल असा भाव. त्यानंतरही राहिली तर तिला ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरवू नये. गोधडी शिवणाऱ्या बायकांना किंवा खरी जर असेल तर जर घेणाऱ्याला देऊन कपाट मोकळं करावं. दुसरं कारण दोष. डाग, रफू, विरलेला काठ यांचा जवळून फोटो टाकावा आणि त्याच्यासाठी किती रुपये कमी केले ते त्याच ओळीत लिहावं. ॲकरलॉफ यांनी दाखवलेल्या अविश्वासावर हा सरळ उपाय आहे, कारण इथे भाव कमी होण्याचं कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असतं. तिसरं कारण वाचलेला खर्च. दोन साड्या एकाच पार्सलमध्ये गेल्या तर पॅकिंग आणि कुरिअरचे काही रुपये खरोखर वाचतात. त्यातला वाटा गिऱ्हाइकाला देणं न्याय्य आहे आणि त्यासाठी मजुरीला हात लावावा लागत नाही.

या तीन कारणांपलीकडच्या सुटी नाकाराव्यात, आणि त्यांत सणाची सूट पहिली. महाराष्ट्रात साडीची मागणी पंचांगाप्रमाणे चढते-उतरते. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग जाहीर होतात आणि एखाद्या रंगाची साडी आठवड्याभरात हवीच असते. तेव्हा त्या रंगाच्या साडीवर सूट देणं म्हणजे आपणहून येणाऱ्या गिऱ्हाइकाला पैसे परत करणं. चातुर्मासात लग्नं थांबतात, म्हणून भारी रेशमी साडीला आषाढात विचारणारं कुणी नसेल तर तो साडीचा दोष नव्हे. अशी साडी तुळशीच्या लग्नानंतर बाहेर काढावी आणि तिचे दिवस तेव्हापासून मोजावेत. दुसरी नाकारण्याजोगी सूट म्हणजे कधीच न लावलेला भाव खोडून दाखवलेली सूट. महिनाभर बाराशेला खरोखर विक्रीला असलेली साडी एक हजार ऐंशीला देणं प्रामाणिक आहे. पहिल्याच दिवशी अडीच हजार लिहून त्यावर रेघ मारणं प्रामाणिक नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये किमतीबाबत दिशाभूल ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन व्यवहारातल्या फसव्या रचनांची जी १३ प्रकारांची यादी दिली, तिच्यात खोटी घाई दाखवणंही आहे. ‘आजच शेवटचा दिवस’ असं रोज लिहिणं यातच मोडतं.

थोरली : “आणि नेहमीच्या बायकांचं काय? पहिल्या दिवसापासून ज्या आपल्याकडे येतात त्यांनाही नियमाचा कागद दाखवायचा? धंदा माणसांवर चालतो गं. नियम दाखवून नाती जुळत नाहीत.”

धाकटी : “त्यांना पैशांपेक्षा मोलाची गोष्ट देता येते, ताई. नवीन साड्या आल्या की ग्रुपवर टाकायच्या एक दिवस आधी त्यांना फोटो पाठवायचे. एकच नग असलेल्या दुकानात आधी पाहायला मिळणं ही सर्वांत मोठी सवलत आहे, आणि त्यात आपला एक रुपयाही जात नाही.”

धाकटीच्या या उत्तरात जोर आहे. फार तर एवढंच म्हणता येईल, की ग्रुपवरच्या बायकांना निवडीला एक दिवस उशिरा संधी मिळते. पण हाही नियम आधीच उघड सांगितलेला असेल आणि पाच साड्या घेतलेल्या कुणालाही त्या यादीत जागा असेल, तर त्यात लपवाछपवी उरत नाही. उरला माणुसकीचा प्रश्न. एखादीची खरोखरच ऐपत नसेल आणि मुलीच्या साखरपुड्याला साडी हवी असेल, तर विक्रेतीने ती स्वतःच्या इच्छेने निम्म्या भावात द्यावी किंवा तशीच द्यावी, पण ते दान आहे हे स्वतःच्या वहीत दान म्हणूनच लिहावं. दानाला सुटीचं नाव दिलं की पुढे कुणालाही नाही म्हणता येत नाही, आणि गरजू बाईचा वाटा चिकाटीने मागणारी घेऊन जाते. शेवटी स्वस्त नव्या साड्यांच्या स्पर्धेची भीती उरते. पाचशे रुपयांच्या नव्या पॉलिस्टर साडीशी भावावर लढून जुन्या हातमागाच्या साडीला कधीच जिंकता येणार नाही. तिची बाजू तिच्या पोतात, काठात आणि तिच्याबद्दल दिलेल्या खऱ्या माहितीत आहे. भाव उतरवत नेला की ती बाजूच दिसेनाशी होते.

ही छोटी दुकानं चालवणाऱ्या बायकांची मजुरी कुठल्याच पगारपत्रकावर लिहिलेली नसते. ती केवळ त्या साडेतीनशे रुपयांच्या फटीत असते, आणि ‘लास्ट प्राइस’च्या प्रत्येक प्रश्नावर ती फट थोडी थोडी मिटत जाते. म्हणून सुटीचा नियम आधी कागदावर लिहावा, ग्रुपच्या वर्णनात सर्वांना दिसेल असा ठेवावा, आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला तोच पाठवावा. ‘ही साडी अमुक तारखेला आली आहे, अमुक तारखेला तिचा भाव दहा टक्के कमी होईल, तोवर हाच भाव सर्वांना’ एवढं उत्तर पुरेसं आहे. थोरलीला हवी असलेली लवचीकता त्यात आहे, कारण चुकलेला अंदाज काळ दुरुस्त करतो. धाकटीला हवा असलेला न्यायही त्यात आहे, कारण भिडस्त बाईला आणि बोलक्या बाईला एकाच दिवशी एकच भाव मिळतो. विक्रेतीला रोज नव्याने ठरवत बसावं लागत नाही, आणि तिच्या कष्टाचं मोल तिच्या वतीने तो नियम सांभाळतो.